किल्ल्या कोणाकडे?

सुट्टीच्या दिवशी कुठल्याही नदीकाठी, धबधब्याशी नाहीतर चौपाटीवर जा. पाण्यात दंगा चाललेला असतो. मुलं एकमेकांवर पाणी उडवत असतात, पुरुष मंडळी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पोहण्याच्या गप्पा मारत असतात. आणि काठावर, जरा सावली बघून, सतरंजीच्या तुकड्यावर एक बाई बसलेली दिसते. तिच्या एका बाजूला चपलांचा ढीग, दुसऱ्या बाजूला कपड्यांच्या पिशव्या. मांडीवर तीन चष्मे, दोन घड्याळं, चार मोबाइल. आणि मुठीत गाडीची किल्ली. ती कुणाची तरी आई असते, सासू असते, काकू असते. तिला विचारलं, "तुम्ही नाही का जात पाण्यात?" तर ती हसून म्हणते, "कुणीतरी सामान सांभाळायला हवं ना!"

'कुणीतरी' हा मराठी घरातला मोठा सोयीचा शब्द आहे. व्याकरणात तो कुणालाही लागू पडतो. घरात मात्र तो बहुधा एकाच व्यक्तीला लागू पडतो.

एसटीनं सहलीला जायचे दिवस होते तेव्हा हा प्रश्न एवढा मोठा नव्हता. परतीच्या तिकिटाचे पैसे रुमालात बांधून ठेवले की झालं. दारात गाडी आली आणि सहलीचं सगळं सुखदुःख त्या बोटभर किल्लीला येऊन लटकलं. पैसे गाडीत, फोन गाडीत, कोरडे कपडे गाडीत, आजोबांच्या गोळ्या गाडीत. किल्ली हरवली की हे सगळं काचेआडून दिसत राहतं, हाताला मात्र लागत नाही. म्हणून ती कुणाच्या तरी मुठीत हवी. मूठ कुणाची, हे मात्र कुणी ठरवत नाही. ते आपोआप ठरतं.

माझ्या बाबतीत ही गोष्ट ध्यानात आली ती मामीमुळे. मामी राहते म्हैसूरला, मंडी मोहल्ल्यात.

कमरेचा छल्ला

माझे थोरले मामा मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. तिकडचा गलाईचा धंदा सर्वांना ठाऊक आहे. जुनं सोनं-चांदी आटवून, गाळून शुद्ध करायचं, सराफांच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा धुऊन तिच्यातून सोन्याचा कण काढायचा. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली माणसं या कसबाच्या जोरावर देशभर पसरली. कुणी केरळात गेलं, कुणी बंगालमध्ये, कुणी पंजाबात. मामा ऐन तारुण्यात म्हैसूरला गेले आणि तिथलेच झाले. खाली भट्टी, वर बिऱ्हाड. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारच्या चाचीशी दखनी, असा तिहेरी संसार. गल्लीत उदबत्तीचा वास, पहाटे मशिदीतली बांग आणि पाठोपाठ मामीच्या देवघरातली घंटा, अशी आमच्या लहानपणच्या मे महिन्याची सकाळ उजाडायची.

गलाईवाल्याच्या घरात किल्ली ही साधी वस्तू नसते. भट्टीत लोकांचं सोनं असतं. कुणाच्या लेकीच्या लग्नाच्या पाटल्या असतात, कुणाच्या आजीचं मोडीत काढलेलं डोरलं असतं. ते रात्री तिजोरीत जातं. त्या तिजोरीची किल्ली मामीकडे. तिच्या कमरेला चांदीचा छल्ला असे. त्यात तिजोरी, दुकानाचं शटर, कपाट, कोठीची खोली अशा सगळ्या किल्ल्या. ती जिना चढू लागली की आधी आवाज यायचा, मग मामी. १९९० नंतरच्या दशकात मामांनी जुनी मारुती ८०० घेतली, तेव्हा तिची किल्लीही त्याच छल्ल्यात जाऊन बसली. मामांच्या खिशात ती राहत नाही, असा मामीचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता.

दर सुट्टीत मामा आम्हा भाच्यांना घेऊन निघत. कधी कृष्णराजसागर, कधी श्रीरंगपट्टणचा संगम, कधी बलमुरीचा बंधारा. सगळ्यात आवडतं ठिकाण तलकाड. म्हैसूरहून टी. नरसीपूरच्या रस्त्यानं सुमारे ४५ किलोमीटर. तिथं कावेरीला रुंद वळण आहे, काठाला वाळूच वाळू. आणि पाण्यात त्या टोपलीसारख्या गोल होड्या. कन्नडमध्ये त्यांना हरगोल म्हणतात. नावाड्यानं ती मधोमध नेऊन गरगर फिरवली की आम्ही पोरं किंचाळत असू.

मामी काठावर. छल्ला कमरेला, मामांचं घड्याळ मनगटावर चढवलेलं, आमच्या चपला पुढ्यात. आम्ही थकून आलो की ती चिवड्याचा डबा उघडायची आणि तलकाडची गोष्ट सांगायची. १६१० साली राजा वडियारनं श्रीरंगपट्टण घेतलं. तिथल्या राणीचे, अलमेलम्माचे दागिने आणायला माणसं पाठवली. राणीनं तलकाडजवळ मालंगीला दागिन्यांसकट कावेरीत उडी घेतली आणि जाता जाता शाप दिला, की तलकाडची वाळू होईल, मालंगीला डोह होईल आणि म्हैसूरच्या राजांना मूल होणार नाही. आम्ही डोळे मोठे करून ऐकत असू. गोष्ट संपली की मामी नेहमी एकच वाक्य बोलायची. "वस्तूपायी जीव गेला बघा. वस्तू ती काय, आज हाय, उद्या न्हाई."

असं म्हणून ती कमरेच्या छल्ल्यावर एकदा हात फिरवून घ्यायची.

कृष्णाकाठची मुलगी

अशी वर्षं गेली. आम्ही मोठे झालो, मामांच्या मुलांची लग्नं झाली, नातवंडं आली. मारुती जाऊन बटणाच्या किल्लीची गाडी आली. मामीची जागा तीच राहिली.

काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे पुन्हा तलकाडला गेलो होतो. मामांचा नातू गुडघाभर पाण्यात हातपाय मारत होता. मी ओल्या अंगानं मामीशेजारी येऊन बसले होते. मामी काठावरून ओरडली, "आरं, पाय आपटू नगंस! हात फुडं ताण, मान पान्यात घाल!" मी चमकून तिच्याकडं पाहिलं. म्हटलं, "मामी, तुला काय माहीत गं पोहण्यातलं?"

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मीच ओशाळले. "माहीत म्हंजी? माझं माहेर कृष्णाकाठी न्हवं का? पाठीला भोपळा बांधून आन्नांनी सोडलं हुतं पान्यात. आठव्या वर्साला भोपळा सुटला. पुराच्या आधी निम्मी नदी पवून येत हुते मी."

वाळवलेला भोपळा पाठीला बांधून पोहायला शिकवण्याची रीत आपल्याकडच्या नदीकाठांवर जुनी आहे. त्या भोपळ्यावर माझी मामी पोहायला शिकली होती. आमच्या सबंध खानदानात जिला खरंखुरं पोहता येत होतं, ती बाई तीस-पस्तीस वर्षं काठावर बसून आमच्या चपला राखत होती!

"मग तू कधी उतरली का नाहीस?" मी विचारलं.

"किल्ल्या हाईत न्हवं माझ्याजवळ," ती म्हणाली. तिच्या सुरात तक्रार नव्हती. 'आज गुरुवार आहे' असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

घरी परत येताना माझ्या मनात तेच घोळत होतं. मामीला कुणी अडवलं नव्हतं. मामा तर भला माणूस. त्यांनी एकदाही 'बायकांनी पाण्यात जाऊ नये' असं म्हटल्याचं मला आठवत नाही. पण किल्ल्या ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि जागा नाही म्हणजे मामी आहे, असा तो साधा हिशेब होता. उणीपुरी पस्तीस वर्षं तो कुणी तपासला नव्हता.

मामीची काळजी खोटी नव्हती

यावर कुणी म्हणेल, ठेवायच्या किल्ल्या पिशवीत आणि उतरायचं. एवढं काय त्यात? पण मामीची काळजी अनाठायी नव्हती, हे आमच्याच नात्यातल्या एका कुटुंबानं अनुभवलं.

ही मंडळी पुण्याहून देवबागला गेली होती. कर्ली नदी जिथं समुद्राला मिळते, तिथं त्सुनामी आयलंड नावाचा वाळूचा पट्टा आहे आणि त्याच्या भोवती पाण्यातले खेळ चालतात. केळ्याच्या आकाराची रबरी होडी मोटरबोटीला बांधून ओढतात आणि शेवटी मुद्दाम उलटी करतात. तीच त्यातली गंमत. घरच्या कर्त्या पुरुषानं गाडीची किल्ली अर्ध्या चड्डीच्या खिशात ठेवली होती. होडी उलटली, सगळे पाण्यात पडले, हसत खिदळत वर आले. खिसा रिकामा होता.

गाडी पलीकडे देवबागला कुलूपबंद उभी. फोन गाडीत, पाकीट गाडीत. आणि सोबत आलेल्या सासूबाईंना दम्याचा त्रास, त्यांचा पंपही गाडीत. दुपारचे बारा वाजलेले. जावईबापू पुन्हा पाण्यात उडी घ्यायला निघाले, तेव्हा नावाड्यानं दंडाला धरून थांबवलं. भरती-ओहोटीच्या वेळी त्या मुखाशी पाणी किती जोरानं ओढतं, ते त्याला ठाऊक होतं. किल्ली तर केव्हाच वाळूत गेली असणार.

मग टपरीवाल्याचा फोन मागितला. पण नंबर कुणाचा लावायचा? पाठ कुणालाच कुणाचा नव्हता. सगळे नंबर गाडीतल्या फोनमध्ये. शेवटी धाकट्या मुलीला शाळेच्या डायरीत लिहायला लागतो म्हणून आजोबांचा नंबर आठवला. गावातल्या मेकॅनिकनं तासाभराच्या खटपटीनं दरवाजा उघडला, तोवर सासूबाई धापा टाकत होत्या. पंप मिळाला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. गाडी मात्र सुरू झाली नाही. दुसरी किल्ली पुण्याच्या कपाटात होती. आजोबांनी ती रात्रीच्या बसनं एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली, ती दुसऱ्या दिवशी पोहोचली. सहलीचा एक दिवस किल्लीची वाट बघण्यात गेला. सासूबाईंनी तर त्यानंतर समुद्राचं नावच टाकलं.

आजची किल्ली वेगळी

दरवाजा उघडला, तरी गाडी का सुरू होईना? कारण आजची किल्ली नुसता पत्र्याचा दात राहिलेली नाही. मामांच्या जुन्या मारुतीची किल्ली मंडी मोहल्ल्यातल्या कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्यानं चार घाव घालून करून दिली असती. आता किल्लीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. किल्ली जवळ आली, की गाडी त्या चिपचा खुणेचा आकडा वाचते आणि तो जुळला तरच इंजिन चालू होऊ देते. चोरीला आळा बसावा म्हणून युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना अशी सोय सक्तीची झाली. आपल्याकडेही आता बहुतेक गाड्यांत ती असते. म्हणून नुसता दात घासून केलेली किल्ली दार उघडेल, गाडी चालवणार नाही. नवी किल्ली करायची तर कंपनीच्या केंद्रात जावं लागतं, गाडीशी तिची ओळख करून द्यावी लागते, कागदपत्रं दाखवावी लागतात आणि खर्च काही हजारांत जातो.

शिवाय तिच्यात बटणं असतात, आणि बटणांमागं बारीकसा छापील पत्रा आणि गोल चपटा सेल. नदीचं पाणी एक वेळ परवडलं, समुद्राचं नाही. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, सेल जागेवर असला की आतले धातू भराभर खाल्ले जातात. किल्ली समुद्रात भिजलीच, तर ताबडतोब उघडून सेल काढावा, आतला भाग गोड्या पाण्यानं धुवावा, फडक्यानं टिपून सावलीत दोन दिवस वाळू द्यावा. उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्रानं भाजू नये. एक दिलासा असा, की चिपला सेल लागत नाही. तिला लागेल तेवढी वीज गाडीतूनच मिळते. त्यामुळे बटणं मेली तरी पुष्कळदा गाडी सुरू होते. बटण दाबून सुरू होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मेलेली किल्ली त्या बटणाला टेकवून धरली तरी काम भागतं. अशा किल्लीच्या पोटात दार उघडायला लहानसा धातूचा दातही लपवलेला असतो. आपल्या गाडीत काय सोय आहे, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक घरी बसल्या एकदा वाचावं. समुद्राकाठी वाचायची वेळ आली, तर ते नेमकं कुलूपबंद गाडीतच असतं!

मुठीला पर्याय

तर मग मामीच्या मुठीला पर्याय काय? मी थोडी चौकशी केली, पाण्याशी रोजचा संबंध असलेल्या माणसांना विचारलं. उत्तरं सोपी निघाली.

पहिली गोष्ट घरीच करायची. सगळ्या किल्ल्या एका छल्ल्यात न्यायच्या नाहीत. तिजोरी, घर, दुकान यांच्या किल्ल्या घरी राहू द्या. पाण्यावर जाताना एकटी गाडीची किल्ली न्या, म्हणजे हरवली तर गाडीच अडेल, घर उघडं पडणार नाही. दुसरी किल्ली कुठं आहे, हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक हवं. प्रवास लांबचा असेल, तर ती सोबत न्या, पण वेगळ्या माणसाच्या वेगळ्या सामानात. मुक्कामाच्या ठिकाणी ठेवली तर उत्तम. आणखी एक, गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी भरपाई देण्यापूर्वी बहुधा दोन्ही मूळ किल्ल्या मागते. तेव्हा एक हरवली, तर पोलिसांत आणि विमा कंपनीकडे लगेच कळवून ठेवलेलं बरं.

दुसरी गोष्ट पिशवीची. गळ्यात अडकवायच्या प्लॅस्टिकच्या जलरोधक पिशव्या हल्ली कुठंही मिळतात. पण विकत घेतली आणि घातली, असं करू नका. आत किल्लीऐवजी कोरडा कागदी रुमाल घाला, पिशवी बादलीत बुडवून वर तांब्या ठेवा आणि अर्ध्या तासानं बघा. रुमाल कोरडा निघाला तरच तिच्यावर भरवसा ठेवा. पुष्कळ वस्तूंवर 'आयपी ६७' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास टिकते, एवढाच. लाटांचा मार, बोटीवरून आपटणं हे त्या परीक्षेत नसतं. गुंडाळून बंद करायची जाड पिशवी असेल, तर तिचं तोंड निदान तीन वेळा गुंडाळून मगच कडी लावा. आणि किल्लीला बुचाचा किंवा फोमचा गोळा बांधा. किल्ली बुडते, बूच तरंगतं. हाही प्रयोग आधी बादलीत करून बघावा.

पिशवी गळ्यात घातली, तरी ती लाइफ जॅकेटच्या आत हवी, बाहेर लोंबती नको. जॅकेटचे पट्टे आधी आवळायचे, किल्ली मग. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचे प्राण गेले. पाण्यावर गेल्यावर आधी जीव, मग जिन्नस, हा क्रम विसरून चालत नाही.

तिसरी गोष्ट, लपवाछपवी. टायरवर, बंपरखाली, दगडाआड किल्ली ठेवणारे पुष्कळ आहेत. ठेवणाऱ्याला वाटतं, कुणी पाहिलं नाही. पण गाड्यांच्या तळावर रोज बसणाऱ्याला या जागा तोंडपाठ असतात. नदीकाठच्या खडकावर ठेवलेली पिशवीही धोक्याची. वरच्या धरणातून पाणी सोडलं, की बघता बघता खडक बुडतो. परदेशात लाटांवर फळी घेऊन खेळणारे लोक गाडीच्या आकड्याला अडकवायची लहानशी लोखंडी पेटी वापरतात. तिला आकड्यांचं कुलूप असतं, किल्ली आत आणि आकडा डोक्यात. त्यांच्या अंगातल्या रबरी पोशाखाला किल्लीपुरता चोरखिसाही असतो. आपल्याकडे पोहण्याच्या कपड्याला आतून चेनचा खिसा शिंप्याकडून शिवून घेता येतो. मात्र बटणांच्या किल्लीला तिथंही पिशवी हवीच. गाडी आपोआप किल्ली ओळखणारी असेल, तर किल्ली आत ठेवून बाहेरून दार लावायची युक्ती बहुधा चालत नाही. गाडी बंदच होत नाही, नाहीतर कुणाच्याही हाताला उघडते.

कुंडलिका नदीवर कोलाडला किंवा काळी नदीवर दांडेलीला तराफ्यातून जायचं असेल, तर आणखी एक विचार करावा लागतो. तिथं आपण एका ठिकाणी पाण्यात उतरतो आणि काही किलोमीटर खाली बाहेर पडतो. गाडी वरच राहते. तेव्हा औषधं, चष्मा आणि एका कागदावर लिहिलेले दोन फोन नंबर, एवढं तरी गाडीबाहेर, कोरड्या पिशवीत आपल्याबरोबर हवं. किल्ली व्यवस्थापकाच्या कपाटात ठेवायची झाली, तर पावती घ्यावी किंवा निदान दोघांच्या समोर द्यावी.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. किल्ली पाण्यात पडलीच, तर तिच्यामागं उडी घेऊ नये. तलकाडची वाळू वरून सपाट दिसते आणि पुढच्याच पावलाला खड्डा निघतो. तिथं माणसं बुडाली आहेत. किल्ली काही हजारांत नवी येते.

पंचवीस मिनिटं

पुढच्या खेपेला म्हैसूरला गेले, तेव्हा तलकाडचा बेत ठरल्यावर आदल्या रात्री मी मामीसमोर बादली आणून ठेवली. पिशवीची परीक्षा झाली. नातवंडांना तो खेळच वाटला. मग मी म्हटलं, "मामी, छल्ला उद्या घरी."

ती बराच वेळ काही बोलली नाही. तिजोरीची किल्ली घरात ठेवून जायची कल्पना तिला रुचेना. शेवटी तिनं ती कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली शेजारच्या चाचीकडे दिली. गाडीची दुसरी किल्लीही चाचीकडेच, सोबत फोन नंबरांचा कागद. चाचीनं विचारलं, "कां जातैं? काशी?" मामी लाजून म्हणाली, "नदीकू."

तलकाडला गेल्यावर गाडीची किल्ली पिशवीत घालून मामांच्या गळ्यात अडकवली आणि मामांना सतरंजीवर बसवलं. त्यांचे गुडघे दुखतात, पाण्याची त्यांना ओढही नाही. चपला, चष्मे, मोबाइल सगळं पुढ्यात. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदाच सामान सांभाळायला बसला होता. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी तीन वेळा "झालं का?" म्हणून विचारलं. चौथ्यांदा म्हणाले, "इथं फार कंटाळा येतो गं." आम्ही सगळ्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. मामा गप्प झाले.

मामीनं लेकीचा पंजाबी ड्रेस घातला होता, कारण ओलं लुगडं पाण्यात पायांना गुंडाळतं. नावाड्यानं कुठवर तळ सपाट आहे ते काठीनं दाखवलं, त्याच्याकडचं जॅकेट तिनं कुरकुरत चढवलं. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर तिनं एकदा काठाकडं पाहिलं आणि काठाला धरून, प्रवाहाच्या कडेकडेनं हात मारायला सुरुवात केली. पाय आपटत नव्हते. हात पुढं ताणलेले होते. नातू तोंड उघडं ठेवून बघत होता. नावाडी कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, तुम्ही नदीच्याच दिसता."

पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली. केस पिळता पिळता म्हणाली, "पानी कावेरीचं, पन अंगाला कृष्णेसारखंच लागलं." मग तिचा हात सवयीनं कमरेकडं गेला. छल्ला नव्हता. क्षणभर चेहरा बावरला, मग तिला आठवलं आणि ती हसायला लागली.

मामांनी तेवढ्यात पिशवी गळ्यातून काढून तिच्यापुढं धरली होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळच. गाडीपत्तूर चालायचंय न्हवं?"

विचारून तर बघा

यावरून कुणी असं समजू नये, की काठावर बसणारी प्रत्येक बाई मनातून पाण्यासाठी झुरत असते. काहींना खरोखर सावलीत बसायला आवडतं. आठवडाभराच्या धावपळीत तेवढाच निवांत वेळ मिळतो, हातात गरम चहा आणि समोर खेळणारी मुलं. त्यांना ओढून पाण्यात न्यायची गरज नाही. कुणाला पाळी असते, कुणाला कान दुखतो, कुणाला पाण्याची भीती वाटते. पण आवड म्हणून बसणं वेगळं आणि किल्ल्या आहेत म्हणून बसणं वेगळं. यातलं आपल्या घरचं कुठलं, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

राखणीची पाळी लावणं अवघड नाही. चार मोठी माणसं असतील, तर प्रत्येकाला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात त्यानं फोनमध्ये डोकं न घालता पाण्यातल्या मुलांवर नजर ठेवायची. मुलं पाण्यात असताना एक मोठं माणूस काठावर जागं हवंच, किल्ली कितीही सुरक्षित असली तरी. दहा-बारा वर्षांची मुलंही आपल्या चपला, आपला टॉवेल, आपला चष्मा स्वतःच्या पिशवीत नीट ठेवू शकतात. मोठ्यांपुढचा ढीग निम्म्यानं कमी होतो.

पावसाळा संपून नद्या निवळल्या, की सहलींचे बेत सुरू होतात. दशम्या, चटणी, टॉवेल, उन्हाच्या टोप्या यांची यादी आपण करतोच. त्या यादीत एक ओळ वाढवा. 'किल्ल्या कोणाकडे?' असं लिहा आणि समोर नाव घाला. आणि नेहमीचंच नाव येऊ लागलं, तर पेन जरा थांबवून त्या बाईला विचारा, की तुला पोहता येतं का गं? काय उत्तर येईल, सांगता येत नाही.